आजीला वाचता येईल असा उजेड



काही वर्षांपूर्वीच्या अशोक विजयादशमीची गोष्ट. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी कर्वेनगरमधील आमच्या वस्तीने वर्गणी काढून दहा फूट लांबीचा फलक छापून आणला. काम घाईचे. फलक संध्याकाळी हाती पडला आणि लगेच विहारासमोर बांधला. निळे आकाश, त्यात तारे, चहूकडे किरणे आणि मधोमध सोन्यासारखी झगमगणारी अक्षरे! मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही खूश झालो.

तेवढ्यात वस्तीतील एक आजी पुढे आल्या. त्यांचे सारे आयुष्य लोकांच्या घरची धुणीभांडी करण्यात गेले. साठी उलटल्यावर त्या प्रौढ साक्षरता वर्गात बसल्या आणि अक्षर ओळखू लागल्या. तेव्हापासून रस्त्यातील कोणतीही पाटी वाचल्याशिवाय त्या पुढे जात नाहीत. फलकासमोर उभ्या राहून त्यांनी बोट धरून वाचायला सुरुवात केली. "ध... म्म... च... क्र..." इथपर्यंत ठीक. पुढे त्या अडखळल्या. पुन्हा मागे आल्या, पुन्हा अडखळल्या. शेवटी पदर सावरत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाळा. माझंच चुकत असंल. शिकलेल्या पोरांनी लिवलंय म्हंजे बराबरच असणार."

आम्ही वर पाहिले. फलकावर 'प्रवर्तन' नव्हतेच. रफार एक घर पुढे सरकून 'प्रवतर्न' झाले होते. खालच्या ओळीतील 'बुद्ध' या शब्दाचे जोडाक्षर तर झगमगाटात बुजून नुसता पिवळा ठिपका उरला होता. चूक आजींची नव्हती, आमची होती. पण आजींनी ती स्वतःच्या अंगावर घेतली. ज्या बाईने साठाव्या वर्षी मोठ्या हिमतीने अक्षर मिळवले, तिचा त्या अक्षरावरचा विश्वास आमच्या फलकाने डळमळीत केला. हे शल्य आम्हाला त्या रात्री झोपू देईना.

त्यानंतर आम्ही ठरवले की फलकाचे काम आपले आपण शिकायचे. चमकणारी अक्षरे करायची, पण आजींना वाचता येतील अशी. जे शिकलो ते आज या पानावरून आपल्यापुढे ठेवत आहोत.

अक्षराचे मोल आपल्याला ठाऊक आहे

'एवढ्याशा रफाराचे काय घेऊन बसलात?' असे कोणी म्हणेल. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पेन्सिल होती त्यांना एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले तर चालत असेल. आपल्याला चालत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली याच पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांच्या अंगावर शेणमाती आली. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' काढले, १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. पत्र दुसऱ्याच्या मर्जीवर चालू नये म्हणून समाजाचा स्वतःचा छापखाना उभा केला. अक्षर आपल्या हातात असले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

आमचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली सुरू केलेली संस्था १९०० साली येथील माळरानावरच्या झोपडीत आली आणि त्यांच्याच नावाने हे नगर ओळखले जाऊ लागले. १९९१ पासून येथे मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. शिक्षणाच्या नावाने वसलेल्या या नगरात आमच्या आजी पहाटेपासून कामाला धावत होत्या. शाळेची पायरी त्यांच्या वाट्याला साठीनंतर आली. म्हणून त्यांच्यासमोर टांगलेले प्रत्येक अक्षर शुद्ध आणि स्वच्छ असणे ही आमची जबाबदारी आहे.

चमकी ते संगणक

चमकणारी अक्षरे आपल्याला नवीन नाहीत. १४ एप्रिलच्या आधी रात्र-रात्र जागून थर्माकोलची अक्षरे कापणे, त्यांना डिंक लावणे, वर सोनेरी चमकी भुरभुरणे आणि भोवती छोट्या बल्बच्या माळा सोडणे, हे ज्यांनी केले नाही असे घर विरळा. पेंटरदादा पत्र्यावर अक्षर लिहीत, कडेने फिकट रंगाची शेड ओढीत आणि अक्षर पत्र्यातून वर उठून येई. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. आता तेच काम संगणकावर होते.

यासाठी छायाचित्रकार आणि छापखानेवाले वापरतात ते फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले. थॉमस आणि जॉन नॉल या दोन भावांनी ते तयार केले. १९९४ च्या आवृत्तीत 'लेयर' म्हणजे एकावर एक ठेवायचे पारदर्शक थर आले आणि १९९८ च्या आवृत्तीपासून एका बटणावर अक्षराभोवती प्रकाश पाडता येऊ लागला. पण हे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते. कष्टकरी कुटुंबासाठी 'गिंप' हे बरे. अमेरिकेत बर्कले येथे शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतले. ते पूर्णपणे मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही चालते. त्याची तिसरी मोठी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. मोबाईलवरच्या ॲपवर काम करणाऱ्यांनाही पुढील नियम जसेच्या तसे लागू पडतात.

उजेड कसा दिसतो?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. कागद किंवा फ्लेक्स स्वतः उजेड देत नाही. शाई तर उजेड शोषून घेते. मग अक्षर चमकल्यासारखे का दिसते? कारण आपण डोळ्याला चकवतो. दिव्याचा मधला भाग जवळजवळ पांढरा दिसतो, त्याभोवती रंगाचे वलय असते आणि ते हळूहळू अंधारात विरत जाते. हीच चढण-उतरण रंगांनी दाखवली की डोळा म्हणतो, 'हा दिवा आहे.' म्हणून उजेड दाखवायचा तर आधी अंधार हवा. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणि पाहा. भोवतीच्या गडद रंगामुळेच तो चेहरा उजळून दिसतो. तेथे ना वीज होती ना संगणक. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कितीही चमक ओता, ती नुसती मळकट दिसते.

कृती

तीन फूट बाय दोन फूट फलक धरून सांगतो. बहिणींनो, मुलांना शेजारी बसवून एकदा करून पाहा.

१) गिंपमध्ये नवे चित्र उघडा. एका इंचाला ७२ ठिपके धरले तर रुंदी २५९२ आणि उंची १७२८ ठिपके होते. फ्लेक्स लांबून पाहायचा असल्याने एवढे पुरते. तरी छपाईवाल्याला आधी विचारून घ्यावे. पार्श्वभूमी गडद निळ्या रंगाने भरा, जवळजवळ काळपट निळ्या.

२) अक्षरांचे हत्यार घेऊन 'जयभीम' लिहा. टंक म्हणजे फॉण्ट जाड आणि साधा निवडा. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा टंक मोफत मिळतो आणि तो बारीकपासून अति जाडपर्यंत सात वजनांत आहे. त्यातील सर्वात जाड वजन घ्या. अक्षराचा रंग पूर्ण पिवळा न ठेवता पांढऱ्याकडे झुकणारा फिकट पिवळा ठेवा. हाच दिव्याचा गाभा.

३) लेयरच्या यादीत अक्षरांच्या थरावर उजवे बटण दाबून 'अल्फा टू सिलेक्शन' करा. अक्षरांच्या आकाराची निवड तयार होते. आता अक्षरांच्या खाली एक नवा पारदर्शक थर घ्या. 'सिलेक्ट'मधील 'ग्रो' वापरून निवड ४ ठिपक्यांनी वाढवा, तीत पिवळा रंग भरा आणि निवड सोडून द्या. मग 'फिल्टर'मधील 'गॉशियन ब्लर' १० ठिपक्यांचा द्या. हे झाले जवळचे, अरुंद आणि प्रखर वलय.

४) हीच कृती त्याच्या खाली दुसऱ्या थरावर करा. ग्रो ८, ब्लर ३०, रंग केशरी. तिसऱ्या थरावर ग्रो १२, ब्लर ८०, रंग फिकट निळा. वरच्या थराची अपारदर्शकता १०० टक्के, मधल्याची ७० आणि खालच्याची ४० ठेवा. तिन्ही थरांचा 'मोड' बदलून 'स्क्रीन' करा, म्हणजे रंग एकमेकांवर चढून गढूळ न होता उजळ होतात. गिंपच्या तिसऱ्या आवृत्तीत ब्लरचा आकडा मागाहूनही बदलता येतो. त्यामुळे चूक होईल अशी भीती बाळगू नका.

५) आता चमचम. सर्वात वर एक नवा थर घ्या. एक बारीक उभी रेघ, एक बारीक आडवी रेघ आणि दोन्ही मिळतात तेथे मऊ पांढरा ठिपका, की झाली चांदणी. अशा चार-पाच चांदण्या पुरेत. गिंपमध्ये 'स्पार्कल' नावाचे तयार फिल्टर आहे, पण ते उजळ जागा दिसेल तेथे आपण होऊन चांदण्या टाकते. ते टाळा. हाताने एक-एक ठेवा. कारण पुढे सांगतो.

देवनागरीचे पथ्य

चमक देण्याच्या बहुतेक युक्त्या इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या आहेत. इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर चांदणी ठेवली तर शोभा येते. आपल्या अक्षराच्या डोक्यावर ठेवली तर अनुस्वार होतो! शिरोरेषेच्या वर चमकता ठिपका पडला की 'जय'चे 'जंय' वाचले जाते. अक्षराच्या बाजूला एकाखाली एक दोन ठिपके पडले तर विसर्ग होतो आणि पायथ्याशी पडला तर नुक्ता. म्हणून चांदणी ठेवावी ती शिरोरेषेच्या टोकाला किंवा अक्षराच्या जाड दांड्यावर. जेथे मात्रा, अनुस्वार किंवा रफार येऊ शकतो ती जागा मोकळी सोडावी.

दुसरे पथ्य वलयाचे. 'द्ध', 'क्ष', 'ष्ट' यांच्या पोटात लहान-लहान मोकळ्या जागा असतात. वलय रुंद झाले की त्या भरून जातात. आमच्या फलकावर 'बुद्ध' बुजला तो यामुळेच. जवळचे वलय त्या मोकळ्या जागेच्या निम्म्याहून कमी ठेवा आणि जोडाक्षर जास्त असलेली ओळ चमकवूच नका. चमक मोठ्या शब्दाला द्यावी. तारीख, वेळ, ठिकाण आणि वक्त्यांची नावे साध्या पांढऱ्या अक्षरांत असावीत.

तिसरे पथ्य शुद्धतेचे. 'बुद्ध' लिहिताना आधी 'द', मग हलन्त, मग 'ध' दाबायचा. उलट दाबले तर 'बुध्द' होते, आणि असे फलक आपण जागोजागी पाहतो. 'पंचशील' या एका शब्दात तर 'श' आणि 'ल' दोन्ही आहेत. पुष्कळ टंकांत या अक्षरांची हिंदी वळणाची रूपे येतात. मराठीत देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' लिहावा असे २०२२ च्या शासन निर्णयातही म्हटले आहे. गिंपच्या अक्षर-हत्यारात भाषा 'मराठी' निवडली तर, टंकात ती रूपे भरलेली असल्यास, ती आपोआप येतात.

रफार का पळतो?

'प्रवर्तन'चे 'प्रवतर्न' कसे झाले हे आम्ही शोधून काढले. भारतीय भाषा संगणकावर आणणारे 'जिस्ट' हे तंत्र आय.आय.टी. कानपूर येथे जन्मले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक'ने ते वाढवले. म्हणजे आपले अक्षर संगणकावर बसवण्यात आपल्या शहराचा मोठा वाटा आहे. परंतु त्या काळी प्रत्येक कंपनीच्या टंकाची अंतर्गत मांडणी वेगळी होती. १९९१ पासून 'युनिकोड' ही साऱ्या जगाची एकच मांडणी आली. युनिकोडमध्ये रफार अक्षराच्या आधी साठवला जातो, तर जुन्या टंकांत तो अक्षरानंतर चिकटवला जाई. मोबाईलवरून पाठवलेला मजकूर दुकानात जुन्या टंकात बदलताना रफार घसरतो, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरे सुटतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही देवनागरी जोडाक्षरे अशीच तुटत.

उपाय सोपा आहे. फलक घरी पूर्ण करून तो चित्र म्हणून बाहेर काढावा आणि दुकानात ते चित्रच द्यावे. चित्रातील अक्षर पुन्हा जुळवले जात नाही, त्यामुळे तुटत नाही. मूळ थरांची फाईल मात्र आपल्याकडे जपून ठेवावी. पुढच्या वर्षी फक्त तारीख बदलली की काम झाले.

आपला निळा जांभळा होऊ नये

संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाने रंग दाखवतो. छपाई मात्र चार शायांनी होते: निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत उतरताना जांभळट पडतो. जयंतीच्या फलकावर निळ्याऐवजी जांभळा पाहून किती जणांचा हिरमोड होतो! म्हणून छपाईवाल्या दादांना आवर्जून सांगा की निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. शक्य असेल तर वीतभर तुकडा आधी छापून पाहा. पडद्यावरचा उजेड छपाईत नेहमी थोडा मंदावतो, हे गृहीत धरून वलय किंचित उजळ ठेवा.

वलयाचे रंग कोणते घ्यावेत, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर आपल्या ध्वजात आहे. १८८५ साली कोलंबो येथे प्रथम फडकलेल्या बौद्ध ध्वजातील निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे रंग म्हणजे तथागतांच्या देहातून निघालेली प्रभा मानली जाते. पाचांच्या मिश्रणाच्या सहाव्या पट्टीला 'प्रभास्वर' म्हणतात, म्हणजे तेजाने झळकणारा. आम्ही आतून बाहेर पांढरा, पिवळा, केशरी आणि निळा असा क्रम ठेवला तो यावरूनच. मात्र तथागतांच्या किंवा बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर किरणे आणि चांदण्या टाकू नयेत. त्या मुद्रांना वरून चमकी लावण्याची गरज नाही.

हातचे काम

आणखी एक सांगायचे आहे. जयंती, वर्षावास, मंगल परिणय, नामकरण, पुण्यानुमोदन, अशा कितीतरी निमित्तांनी आपल्या घरोघर पत्रिका आणि फलक लागतात. त्याचे पैसे आपण देतोच. दहावी-बारावी झालेल्या एखाद्या मुलीने हे काम नीट आत्मसात केले तर वस्तीतल्या वस्तीत तिला चार पैसे मिळतील. आणि आपले शब्द समजणारी, 'पुण्यानुमोदन' कसे लिहायचे हे ठाऊक असलेली व्यक्ती ते लिहील. प्रत्येक विहारात एक जुना संगणक ठेवून रविवारी दोन तास मुलांना हे शिकवता येईल. फलक मोजके लावावेत, महापालिकेची परवानगी घेऊन लावावेत आणि कार्यक्रम संपताच उतरवावेत. कापडावर छापलेला फलक घडी करून पुन्हा वापरता येतो.

आमच्या वस्तीत आता एक नियम आहे. फलक छापायला जाण्यापूर्वी पडद्यावर तो दहा टक्के लहान करून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचायचा. मग आजींना बोलवायचे. आजी खुर्चीवर बसतात, चष्मा लावतात आणि पडद्यावर बोट ठेवून वाचतात. त्या अडखळल्या तर चूक फलकाची, आजींची नव्हे, हे मुलांना पक्के ठाऊक आहे. गेल्या खेपेला एका चांदणीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हा टिंब हितं कशापायी? वाचताना आडवा येतोय." मुलाने मुकाट्याने ती चांदणी पुसली.

फलक बांधला त्या संध्याकाळी आजींनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तो मोठ्याने वाचला. 'प्रवर्तन'शी क्षणभर थांबल्या, रफार जागेवर आहे याची खात्री केली आणि मग पुढे गेल्या.

जयभीम!